मूळ पुरुष

वयाची साठी उलटली म्हणजे माणसाला पूर्वजांची आठवण होऊं लागते, असा आमचा अनुभव आहे. तरुणपणीं आजोबांच्या ज्या गोष्टी ऐकतांना आम्ही जांभया देत असूं, त्याच गोष्टींचा एखादा सुटलेला धागा हातीं लागावा म्हणून आतां आम्ही दूरदूरच्या आप्तांना पत्रें लिहितों, आणि उत्तर आलें नाहीं म्हणजे रागावतों. पेन्शन घेतल्यावर घराण्याच्या कुलवृत्तांताचें काम भाऊबंदांनीं एकमतानें आमच्या गळ्यांत घातलें. या एकमताचें कारण आमची विद्वत्ता नसून आमचा रिकामपणा होता, हें आम्ही जाणून होतों. तरी काम मनापासून केलें. चार वर्षांत अकरा पिढ्यांची वंशावळ जुळली, दोन सनदा व एक महजर यांच्या नकला उतरून परिशिष्टांत घातल्या, आणि पहिल्या प्रकरणाचें पहिलें वाक्य असें लिहिलें : 'आमच्या मूळ पुरुषानें कोंकणांतील निर्मनुष्य अरण्य तोडून हें गांव वसविलें.' या वाक्यावर आमचें फार प्रेम होतें. कुलसंमेलनांत तें वाचून दाखविलें तेव्हां वडील मंडळींनीं माना डोलाविल्या, आणि आमचे थोरले चुलतबंधु दादा यांनीं छपाईचा सारा खर्च आपल्याकडे घेतला.

बाड छापखान्यांत जाण्यापूर्वींच आमचें मेलबर्नला जाणें ठरलें. आमची मुलगी व जांवई नोकरीनिमित्त बरींच वर्षें ऑस्ट्रेलियांतील त्या शहरीं राहतात. शेवटचा हात फिरवावा म्हणून आम्ही बाड सामानांत घातलें. तें पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, त्या गेलेल्या माणसांना समुद्रापलीकडे तरी नेऊं नका!" आम्ही ऐकलें नाहीं. तें बरें झालें कीं वाईट, हें वाचकांनींच ठरवावें.

मुलीचें घर बॉक्स हिल नांवाच्या उपनगरांत आहे. शहरांतून येणारी ट्राम तेथें संपते. रस्त्यांत चिनी अक्षरांच्या पाट्या, भाजीच्या दुकानांत कढीलिंबाच्या जुड्या, आणि संध्याकाळीं बागेंत निरनिराळ्या देशांतून नातवंडें संभाळावयास आलेले आमच्यासारखे म्हातारे, असा तेथला थाट. आमची नात पांचव्या इयत्तेंत होती. शाळेंत मुलांना आपल्या भागांतील एखाद्या 'पायोनिअर'ची माहिती जमवून लिहावयास सांगितलें होतें. तिनें आम्हांस विचारलें, "आजोबा, पायोनिअरला मराठींत काय म्हणतात?"

"मूळ पुरुष," आम्ही मोठ्या अभिमानानें सांगितलें.

"आणि बाई असली तर?"

आम्ही विचारांत पडलों. मराठी भाषा संपन्न आहे. परंतु 'मूळ स्त्री' असा शब्द आम्हीं पाहिलेल्या एकाहि कुलवृत्तांतांत आढळला नव्हता. आमच्या स्वतःच्या बाडांत तर पहिल्या चार पिढ्यांतील स्त्रियांच्या नांवांपुढें आडव्या रेघा होत्या.

नातीच्या या कामानिमित्त आम्ही तिच्याबरोबर एका स्थानिक इतिहासमंडळाच्या खोलींत जाऊं लागलों. तिकडे उपनगरांना आणि लहानशा खेड्यांनाहि असें मंडळ असतें. चालविणारीं माणसें बहुधा आमच्याच वयाचीं, आणि पगार कोणालाच नाहीं. खोलींत खोक्यांवर खोकीं रचलेलीं. त्यांत पहिल्या लोहाराच्या हिशेबाची वही, पहिल्या शाळेचा पट, सफरचंदांच्या पहिल्या बागेचा नकाशा, दफनांच्या नोंदी, लग्नाचीं छायाचित्रें. आम्हांस त्या लोकांचा हेवा वाटला. शंभर सव्वाशें वर्षांपूर्वींच्या एका पाववाल्याविषयीं त्यांच्यापाशीं जेवढे कागद आहेत, तेवढे आमच्याकडे एखाद्या सरदाराविषयींहि सांपडत नाहींत.

हा नाद त्यांना आज लागलेला नाहीं. व्हिक्टोरियाचे पहिले लेफ्टनंट गव्हर्नर ला ट्रोब यांनीं १८५३ सालीं जुन्या वसाहतवाल्यांना पत्रें धाडून, तुम्ही केव्हां आलांत, कोठें वस्ती केलीत आणि तेव्हां काय पाहिलेंत तें लिहून कळवा, अशी विनंति केली. आलेलीं उत्तरें १८९८ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. व्हिक्टोरियाचें मोठें इतिहासमंडळ १९०९ सालचें. म्हणजे पुण्याच्या आपल्या भारत इतिहास संशोधक मंडळाहून तें एकाच वर्षानें वडील. दोन भिन्न खंडांतील माणसांना एकाच सुमारास जुने कागद गोळा करण्याची निकड वाटावी, ही गोष्ट आम्हांस मौजेची वाटली. फरक एवढाच कीं, आपल्याकडे तो शोध राज्यें व लढाया यांचा होता. त्यांच्याकडे तो विहिरी, कुंपणें आणि मेंढ्या यांचाहि होता.

पहिला कोण, या मानासाठीं तिकडेहि भांडणें आहेत. मेलबर्नचा मूळ पुरुष जॉन बॅटमन कीं जॉन पॅस्को फॉकनर, हा वाद पिढ्यान् पिढ्या चालला. बॅटमन टास्मानियाहून आला आणि १८३५ च्या जून महिन्यांत त्यानें तेथील मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांशीं करार करून सुमारें ६,००,००० एकर जमीन 'विकत' घेतली. मोबदला म्हणून घोंगड्या, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, कातऱ्या, पीठ असल्या वस्तु दिल्या. त्याच वर्षीं ऑगस्ट अखेर फॉकनरच्या गलबतांतून आलेल्या मंडळींनीं यारा नदीच्या कांठीं मुक्काम ठोकला. सिडनीस असलेल्या गव्हर्नर बर्क यांनीं ऑगस्ट महिन्यांतच जाहीरनामा काढून असले करार रद्द ठरविले. कारण असें दिलें कीं, जमीन इंग्लंडच्या राजाची आहे. ती विकण्याचा अधिकार त्या लोकांना नाहींच. आम्ही हें वाचलें आणि पुढें गेलों. त्या दिवशीं त्यांत आम्हांस विशेष कांहीं दिसलें नाहीं.

नातीला लोहार व पाववाले यांचा कंटाळा आला होता. तिला चित्रें आवडतात. मंडळांतील एका वृद्ध बाईंनीं तिला सांगितलें कीं, तूं राहतेस त्या बॉक्स हिलमध्येंच १८८५ सालीं टॉम रॉबर्ट्स, फ्रेडरिक मॅककबिन आणि लुई एब्राहम्स या तिघांनीं रानांत तंबू ठोकून उघड्यावर चित्रें काढावयास आरंभ केला. मग आमचा मोर्चा चित्रकारांकडे वळला. पुढें त्यांना आर्थर स्ट्रीटन व चार्ल्स कॉन्डर येऊन मिळाले, आणि ईगलमाँटच्या टेंकडीवर, हायडेलबर्ग गांवाजवळ, ते राहूं लागले. म्हणून त्यांच्या संप्रदायाला त्या गांवाचें नांव पडलें. युरोपांतून आलेले आधींचे चित्रकार तेथलीं निलगिरीचीं झाडें पुष्कळदां इंग्लंडांतील ओकसारखीं रंगवीत. या तरुणांनीं तीं होतीं तशीं रंगविलीं : विरळ पानांचीं, सोललेल्या सालीचीं, करड्या-निळ्या सांवलीचीं. कोरडें गवत त्यांनीं कोरडेंच ठेवलें आणि उन्हाला ऊन म्हटलें. १८८९ च्या ऑगस्टमध्यें त्यांनीं मेलबर्नला प्रदर्शन भरविलें. त्यांत १८३ चित्रें होतीं, आणि त्यांतलीं पुष्कळशीं सिगारच्या पेट्यांच्या नऊ इंच लांब व पांच इंच रुंद झांकणांवर काढलेलीं होतीं. एका वजनदार टीकाकारानें त्यांवर कडाडून हल्ला चढविला. या पठ्ठ्यांनीं ती टीकाच प्रदर्शनाच्या दारावर लावून टाकली. आमच्या नातीला हा प्रसंग इतका आवडला कीं, तिनें आपल्या खोलीच्या दारावर आपलें गणिताचें प्रगतिपुस्तक लावलें.

यांपैकीं कॉन्डरची हकीकत आम्हांस वेगळ्या कारणानें चटका लावून गेली. तो जन्मला इंग्लंडांत १८६८ सालीं. परंतु बाप हिंदुस्थानांत इंजिनिअर असल्यामुळें त्याचें अगदीं लहानपण आपल्या देशांत गेलें. १८७३ च्या मे महिन्यांत त्याची आई मुंबईस वारली. तो तेव्हां चार वर्षांचा होता. पोरक्या मुलाला विलायतेस धाडलें, आणि पुढें सोळाव्या वर्षाच्या सुमारास सिडनीस चुलत्याकडे जमीनमोजणीचें काम शिकावयास पाठविलें. मोजणी बाजूला राहिली आणि पोरगा चित्रें काढूं लागला. समुद्रकिनारा व बंदर यांचीं त्याचीं चित्रें आजहि तेथील संग्रहालयांत लोक थांबून पाहतात. १८९० सालीं तो युरोपला निघून गेला व १९०९ सालीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, वारला. त्याच्या चरित्रांत आईला मिळालेली जागा म्हणजे 'मुंबईस वारली' ही एक ओळ. ती ओळ वाचतांना आम्हांस आमच्या बाडांतील आडव्या रेघा आठवल्या.

मॅककबिन मात्र मेलबर्नचाच. १८५५ सालीं एका पाववाल्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. पोरवयांत त्यानें वकिलाच्या कचेरींत कारकुनी केली, बापाची पावाची गाडी हांकली, घोडागाड्या रंगविण्याचें काम केलें, आणि फावल्या वेळांत चित्रकला शिकला. १८८६ पासून १९१७ सालीं मरेपर्यंत तो तेथील चित्रशाळेंत शिक्षक होता. त्याचें सर्वांत प्रसिद्ध चित्र 'द पायोनिअर'. त्याचें नांवच तें असल्यामुळें नातीच्या निबंधाला दुसरें कांहीं शोधावयास नको, असें म्हणून एका रविवारीं आम्ही सर्व मंडळी शहराच्या मध्यभागीं असलेल्या राष्ट्रीय चित्रसंग्रहांत गेलों.

चित्र भव्य आहे. उंची सव्वादोन मीटर, आणि रुंदी तीन मीटरांच्या जवळपास. एका सोनेरी चौकटींत तीन पट्टे आहेत व तिहींत मिळून एक गोष्ट आहे. पहिल्या पट्ट्यांत घनदाट रानांत नुकतेंच आलेलें जोडपें. नवरा मागें गाडीजवळ चूल पेटवितो आहे, आणि पुढें हनुवटीला हात लावून बायको बसली आहे. मधल्या पट्ट्यांत रान थोडें मोकळें झालें आहे. मागें झोंपडी दिसते, नवरा पाडलेल्या ओंडक्यावर बसला आहे, बायकोच्या कडेवर मूल आहे. तिसऱ्या पट्ट्यांत एका साध्या लांकडी क्रुसापाशीं एक मनुष्य गुडघा टेकून आहे, आणि झाडांच्या फटींतून दूर शहर चमकतें आहे. तें शहर म्हणजे मेलबर्न. १९०४ सालीं चित्र प्रथम मांडलें तेव्हां विकलें गेलें नाहीं. एका मित्राच्या सल्ल्यावरून मॅककबिननें नंतर तिसऱ्या पट्ट्यांत शहराचें तें दृश्य घातलें, आणि १९०६ सालीं चित्रसंग्रहानें तें विकत घेतलें.

आम्ही मधल्या पट्ट्यापुढें उभे राहिलों आणि आमचा कंठ दाटून आला. हातांत कुऱ्हाड, पाडलेलें झाड, नवें छप्पर : हाच आमचा मूळ पुरुष! आमचें पहिलें वाक्य जणूं कोणी रंगांत लिहून ठेवलें होतें. आम्ही मागें वळून सौभाग्यवतींना बोलाविलें. पण त्या पहिल्या पट्ट्यापुढून हालेनात. मॅककबिननें त्या बाईसाठीं आपल्या पत्नीलाच समोर बसविलें होतें. बऱ्याच वेळानें सौभाग्यवती म्हणाल्या, "ही रडत नाहीं, पण हिला माहेर आठवतें आहे." एवढें बोलून त्या गप्प झाल्या. आमच्या लग्नाला तेव्हां बेचाळीस वर्षें झालीं होतीं, आणि देशावरच्या मोकळ्या गांवांतून कोंकणच्या दाट झाडींत आल्यावर पहिल्या पावसाळ्यांत त्यांना कसें वाटलें होतें, हें आम्ही त्यांना कधीं विचारलें नव्हतें.

नात तिन्ही पट्टे पाहून आली आणि म्हणाली, "आजोबा, यांत वुरुंजेरी कोठें आहेत?"

वुरुंजेरी हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. शाळेंत सभेच्या आरंभीं या भूमीच्या जुन्या राखणदारांचें नांव घेऊन त्यांना मान देण्याची तिकडे आतां रीत आहे. म्हणून पोरीच्या तोंडीं तें नांव होतें. आम्ही म्हणालों, "ते या चित्रांत नाहींत, बाळ."

"मग ते नंतर आले कां?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि सुचलें नाहीं हें बरेंच झालें. त्या रात्रीं आम्ही नातीबरोबर बसून ज्याची माहिती वाचली, त्याचें नांव विल्यम बराक.

बराक जन्मला १८२४ च्या सुमारास. बॅटमनच्या त्या कराराच्या वेळीं आपण लहान मुलगा म्हणून हजर होतों, असें तो सांगत असे. म्हणजे मेलबर्नचें बारसें होण्यापूर्वींपासून तो तेथें होता. मिशनऱ्यांच्या शाळेंत तो थोडें शिकला, पुढें घोडेस्वार पोलिसांत राहिला. देवी, उपासमार, बंदुका आणि दारू यांनीं त्याचे लोक भराभर कमी होत गेले. १८६३ सालीं त्याचा चुलतभाऊ सायमन वोंगा यानें उरलेल्या माणसांना डोंगर ओलांडून हील्सव्हिलजवळ नेलें, आणि तेथें कोरंडर्क नांवाची वस्ती उभी राहिली. त्यांनीं रान साफ केलें, घरें बांधलीं, कुंपणें घातलीं, मद्यासाठीं लागणाऱ्या होप्सच्या वेलींची लागवड केली. १८८१ सालीं मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत त्यांच्या होप्सना पहिलें बक्षीस मिळालें. वाचकहो, कुऱ्हाड, नवें छप्पर, पीक : मधल्या पट्ट्यांत आहे तें सर्व येथें आहे. पण या माणसांना कोणी पायोनिअर म्हटलें नाहीं. उलट जमीन चांगली निघाली म्हणून ती त्यांच्याकडून काढून घेण्याचे बेत सुरू झाले. वोंगाच्या मागून पुढारी झालेला बराक आपलीं माणसें घेऊन साठ किलोमीटर चालत मेलबर्नला जाई आणि मंत्र्यांपुढें अर्ज ठेवी. १८८१ सालीं सरकारला चौकशी नेमावी लागली. परंतु १८८६ च्या कायद्यानें मिश्र रक्ताच्या तरुणांना वस्तीबाहेर काढलें, आणि नांगर धरणारे हातच नाहींसे झाले. १९२४ सालीं वस्ती बंद झाली.

या खटाटोपांतच बराक चित्रें काढी. कोळसा, गेरू, कागद हें त्याचें साहित्य. १८८२ सालीं त्याचा एकुलता उरलेला मुलगा डेव्हिड क्षयानें वारला. म्हातारपणीं तो ज्याचें चित्र पुन्हां पुन्हां काढी, तो आपल्या लोकांचा सामुदायिक नाच : पॉसम नांवाच्या प्राण्याच्या कातड्याचीं नक्षीदार पांघरुणें घेतलेल्या माणसांच्या ओळी, खालीं टाळ्या वाजविणारे, मध्यें अग्नि. असले नाच करण्यास मनाई झालेली होती. म्हणून त्यानें ते कागदावर केले. पाहुण्यांना तो तीं चित्रें देई अथवा विकी. त्यांपैकीं १८९७ च्या सुमाराचें एक चित्र २०२२ सालीं न्यूयॉर्कला लिलांवांत निघालें, तेव्हां वुरुंजेरी लोकांनीं वर्गणी जमवून व सरकारची मदत घेऊन तें आणि त्याच्या हातची एक ढाल विकत घेऊन स्वदेशीं आणली.

बराक १९०३ च्या ऑगस्टमध्यें कोरंडर्क येथें वारला. मॅककबिनचें चित्र लोकांपुढें मांडलें गेलें तें १९०४ च्या एप्रिलमध्यें. मध्यें आठ महिने. या दोन तारखा एकाखालीं एक लिहून आम्ही बराच वेळ बसलों होतों.

मॅककबिनला दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. तो भला माणूस होता. त्यानें कष्टाळू गरिबांना मोठ्या चौकटींत बसविलें, बाईला पुढें आणलें, आणि गोष्टीचा शेवट विजयानें न करतां कबरीनें केला. पण ज्या वस्तूचा त्यानें आरंभ मानला, ती वस्तु आरंभ नव्हती. नवल याचें कीं, ही विस्मृति पहिल्या पिढीची नव्हे. ला ट्रोबला आलेलीं पत्रें आम्ही मंडळाच्या खोलींत उघडून पाहिलीं. त्यांत मेंढ्या व पाणी यांच्या जोडीला पूर्वींच्या रहिवाशांचीं वर्णनें पानोपानीं आहेत : ते किती होते, त्यांच्याशीं झटापटी कशा झाल्या, ते किती झपाट्यानें कमी झाले. कांहीं पत्रांत निर्लज्जपणा आहे, कांहींत खंत आहे. पण माणसें तेथें होतीं हें सर्वांना ठाऊक आहे. रान निर्मनुष्य झालें तें नातवंडांच्या पुस्तकांत. कोणाचीच नसलेली भूमि आम्हीं घेतली, ही समजूत पुढें इतकी मुरली कीं, ती कायद्यांतून काढून टाकावयास ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाला १९९२ साल उजाडावें लागलें.

'निर्मनुष्य' हा शब्द मनांत आला आणि आम्ही दचकलों.

घरीं येऊन बाड उघडलें. परिशिष्टांत आमच्याच हातानें उतरलेली जुन्या सनदेची नकल होती. गांवाच्या चतुःसीमा लिहितांना तींत पूर्वेस ओढा, दक्षिणेस देवराई, पश्चिमेस खाडी असें म्हणून उत्तरेस स्पष्ट लिहिलें होतें : 'काथोड्यांचीं जुनीं खोपटें.' जुनीं! ज्या दिवशीं आमच्या मूळ पुरुषाला जमीन मिळाली, त्याच दिवशीं तीं खोपटें जुनीं होतीं. हा शब्द आम्हीं भिंगांतून वाचला होता, त्यांतील मोडीच्या 'ज' विषयीं एका तज्ज्ञाशीं पत्रव्यवहार केला होता, आणि तरीहि पहिल्या पानावर 'निर्मनुष्य अरण्य' असें लिहिलें होतें. सनद लिहिणाऱ्या कारकुनाला जें दिसलें, तें चार वर्षें अभ्यास करून आम्हांस दिसलें नाहीं. ज्यांना आज कातकरी म्हणतात, त्यांची वाडी आमच्या गांवाच्या उत्तरेस अजून आहे. लहानपणीं आमच्या घरीं लांकडें फोडावयास तेथूनच माणसें येत.

आम्ही दादांना फोन केला. दादा ऐकून घेऊन म्हणाले, "अरे, आतां हें कशाला उकरून काढतोस? खोती १९४९ च्या कायद्यानें गेली, जमिनी कुळांच्या झाल्या. आपल्यापाशीं राहिला तो एवढा एक मान. तोहि तूं परदेशांत बसून वाटून टाकणार?" दादांच्या बोलण्यांत राग कमी आणि दुःख अधिक होतें. त्यांनीं गांवचें घर एकट्यानें संभाळलें आहे; आमच्यासारखें पेन्शनीच्या शहरांत बसून वृत्तांत लिहिलेले नाहींत. आम्ही म्हणालों, "दादा, मी आल्यावर बोलूं." वडील भावाशीं फोनवर वाद घालण्याची आमच्याकडे पद्धत नाहीं.

निघण्यापूर्वीं एक दिवस जांवयांनीं आम्हांस हुतात्म्यांच्या स्मारकाच्या उंच पायऱ्यांवर नेलें. तेथून शहराचा सरळ राजरस्ता दिसतो, आणि त्याच्या पार टोंकाला २०१५ सालीं बांधलेली एक बत्तीस मजली इमारत आहे. तिच्या सज्जांचीं पांढरीं वळणें अशीं दिलीं आहेत कीं, दुरून पाहिलें असतां त्यांतून एका दाढीवाल्या वृद्धाचा चेहरा उमटतो. तो चेहरा बराकचा. जवळ गेलें म्हणजे नुसते सज्जे दिसतात. आंत राहणाऱ्यांना तर कांहींच दिसत नसेल. त्या महाग बिऱ्हाडांवर त्याचा चेहरा काढणें हा मान कीं थट्टा, असा प्रश्न तेथील कित्येकांनीं विचारला आहे, व तो रास्त आहे. पण आम्हांस मॅककबिनचा तिसरा पट्टा आठवला. त्यांत झाडांच्या फटींतून दूर दिसणारें जें शहर, तेथून आतां हा म्हातारा इकडे पाहत होता.

परत आल्यावर आम्ही प्रथम गांवीं गेलों. दादांशीं दोन दिवस बोलणें झालें. पहिलें वाक्य बदलण्यास ते कबूल झाले नाहींत, पण तिसऱ्या दिवशीं सकाळीं ते आपण होऊन काठी घेऊन निघाले आणि म्हणाले, "चल, वाडीवर जाऊं." वाडींतील सर्वांत वृद्ध बाई अंगणांत बसली होती. दादांनीं तिला विचारलें कीं, तुझा बाप कोण, त्याचा बाप कोण. ती आधीं घाबरली; जमिनीचा कांहीं खटला असावा असें तिला वाटलें. पुस्तकांत लिहावयाचें आहे असें सांगितल्यावर ती हंसली. तिनें बापाचें, आज्याचें आणि पणज्याचें नांव सांगितलें. आम्ही आणखी मागचें विचारलें. तिनें बराच वेळ डोळे मिटून आठवून पाहिलें आणि मान हलविली. मग तिनें न विचारतांच आईचें व आजीचें नांव सांगितलें.

आमच्या अकरा पिढ्या, तिच्या तीन. आम्ही अधिक जुने आहोंत म्हणून नव्हे. आमच्या घरीं कागद होता म्हणून.

परततांना ओढ्यापाशीं दादा थांबले. बरेच दिवस आजारी असल्यामुळें त्यांना दम लागला होता. ते म्हणाले, "तें वाक्य कसें करणार आहेस?" आम्ही सांगितलें, "काथोड्यांच्या जुन्या वस्तीच्या दक्षिणेस आमच्या मूळ पुरुषानें घर बांधलें." दादांनीं तें एकदां स्वतःशीं म्हणून पाहिलें. "पूर्वींच्या वाक्याला डौल होता," ते म्हणाले, आणि ओढा उतरूं लागले. मधल्या दगडावर त्यांनीं मागें वळून पुन्हां विचारलें, "त्या म्हातारीच्या आजीचें नांव लिहून घेतलेंस ना?"

लिहून घेतलें होतें. आमच्या मूळ पुरुषाच्या बायकोच्या नांवापुढें मात्र अजून आडवी रेघच आहे.